बँडसाठी म्युझिक निवडताना आधी कुणाचा पार्ट उघडायचा?

तिसरी_क्लॅरिनेट (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. मुलांच्या बँडबद्दल इथे याआधी बोलणं झालंय, पण ते बहुतेक वाद्य भाड्याने घ्यावं की विकत, यावरच. मला बोलायचंय ते बँडने वाजवायचं काय यावर. मी आमच्या गावातल्या हौशी कॉन्सर्ट बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते आणि म्युझिक निवडणाऱ्या समितीवर आहे. मुलगा मिडल स्कूलच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्यामुळे शाळेची बाजूही घरात रोज ऐकू येते.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: कॉन्सर्ट बँड म्हणजे बसून वाजवणारा वाद्यवृंद, पण त्यात व्हायोलिनं नसतात. फ्लूट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा आणि मागे पर्कशन. एखाद्या रचनेचा संच घेतला की त्यात संचालकासाठी पूर्ण स्कोअर आणि प्रत्येक वाद्याचे सुटे पार्ट येतात. सोप्या संचाला पन्नास-साठ डॉलर, मोठ्याला शंभर-दीडशे किंवा त्याहून जास्त. निवड फसली की पैसे तर जातातच, वर तीन महिने चाळीस माणसं न झेपणाऱ्या गोष्टीवर घाम गाळत बसतात.

माझं ठाम मत असं की रचना निवडताना समोरच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते आधी बघायचं. आणि त्यातही सगळ्यात कच्च्या सेक्शनचा पार्ट पहिल्यांदा उघडायचा. नाव, ग्रेड, रेकॉर्डिंग हे सगळं नंतर.

ग्रेडचंच घ्या. प्रकाशक रचनांना साधारण १ ते ६ ग्रेड देतात, अगदी नवशिक्यांसाठी अर्धी ग्रेडही असते. टेक्ससमध्ये स्पर्धेसाठी यूआयएल या शालेय स्पर्धा घेणाऱ्या संस्थेची यादी आहे, न्यूयॉर्क राज्यात निस्मा या शालेय संगीत संघटनेचं मॅन्युअल आहे, तिथेही अशाच पायऱ्या. पण एकाची ग्रेड ३ ही दुसऱ्याच्या ग्रेड ३ एवढीच असेल असं नाही. आणि अडचण नेमकी कुठे आहे हे तो आकडा सांगत नाही. फ्लूटला रचना सहज जाते आणि हॉर्नवाले मेटाकुटीला येतात, तरी वर ग्रेड एकच छापलेली.

क्लॅरिनेटचं उदाहरण देते, कारण ते माझ्या बोटांखालचं आहे. लिहिलेला मधला ए वाजवताना जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात, डाव्या हाताचं पहिलं बोट एका कीवर तेवढं. त्याच्या लगेच वरचा बी वाजवायचा तर सगळी भोकं बंद, उजवी करंगळी कीवर आणि अंगठ्याने रजिस्टर की दाबलेली. शेजारचे दोन सूर, पण हातांची पूर्ण उलथापालथ. याला ब्रेक म्हणतात. पहिल्या वर्षाची मुलं ब्रेकच्या खालीच वाजवतात, म्हणून चांगल्या ग्रेड १ रचनेत त्यांचा पार्ट तिथेच ठेवलेला असतो. पहिल्या क्लॅरिनेटला वर नेलं तर हरकत नाही. पण तिसऱ्या क्लॅरिनेटला भराभर ब्रेकच्या वर-खाली पळवलं असेल, तर त्या संगीतकाराने शाळेचा बँड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नाही हे मी समजून जाते.

ट्रॉम्बोनची तऱ्हा निराळी. खालचा सी स्लाइडच्या सहाव्या पोझिशनला आणि बी सातव्या, म्हणजे सगळ्यात लांब. सहावीतल्या मुलाचा हात तिथवर पोचतच नाही, खांदा पुढे ढकलून तो कसाबसा स्लाइड लांबवतो आणि सूर चढाच लागतो. हे घरी रोज बघते. ट्रिगरवालं (अंगठ्याने जादा नळी जोडता येणारं) ट्रॉम्बोन असेल तर प्रश्न सुटतो, पण ते महाग आणि जड.

मग पट्टी. बँड बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांत सुखी असतो. व्हायोलिनवाल्यांची लाडकी ‘जी’ (G) पट्टी घेतली की क्लॅरिनेटला तीन शार्प आणि आल्टो सॅक्सला चार शार्प येतात, कारण ही वाद्यं मुळातच वेगळ्या पट्टीत लिहिलेली असतात. काही स्कोअर कॉन्सर्ट पट्टीत, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या सुरांत छापलेले असतात, त्यात हे डोळ्यांना दिसत नाही. सुटा पार्टच बघावा लागतो.

प्रकाशकांच्या साइटवरच्या रेकॉर्डिंगबद्दल सावध राहा. ती तयारीचे वादक वाजवतात, त्यांच्या हातून कुठलीही रचना छानच वाटते. मी ऐकते, पण स्कोअर समोर ठेवून आणि पेन्सिल घेऊन. मुख्य चाल ज्या ज्या वाद्याकडे जाते तिथे रेघ ओढत जाते. शेवटी पानं उलटून पाहिली की चित्र स्पष्ट होतं. काही रचनांत सगळ्या रेघा फ्लूट आणि पहिल्या ट्रम्पेटवरच असतात, हॉर्न शंभर माप (बार, म्हणजे तालाचे छोटे तुकडे) नुसतं ‘पा-पा’ करत असतो आणि ट्यूबाला लांबलचक सुरांपलीकडे काही नाही. अशी रचना मी समितीपुढे ठेवतच नाही. आठवड्यातून एकदा नोकरी संपवून, गाडी चालवत तालमीला येणाऱ्या माणसाला निदान आठ माप तरी स्वतःची चाल मिळायला हवी.

चाल सगळ्यांना वाटून देण्याचा उत्तम नमुना म्हणजे इंग्लिश संगीतकार गुस्ताव्ह होल्स्टचा १९०९ चा फर्स्ट सूट इन ई फ्लॅट. पहिला भाग शाकोन, म्हणजे एकच चाल पुन्हा पुन्हा येणारा प्रकार. ती चाल सुरू कोण करतं? ट्यूबा आणि युफोनियम! मग तीच चाल अख्ख्या बँडमधून फिरते, आणि उरलेले दोन भागही तिच्यातूनच निघालेत. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा आणि लंडनच्या मुलींच्या शाळेत शिकवायचा, मागे बसणाऱ्याचं मन त्याला ठाऊक होतं. बँड लहान असला तरी रचना उभी राहावी म्हणून त्याने कितीतरी पार्ट ऐच्छिक ठेवले होते. (आपल्याला जवळचा वाटावा असा हा माणूस आहे. संस्कृत शिकून त्याने ऋग्वेदातल्या ऋचांची स्वतः भाषांतरं केली आणि त्यांना संगीत दिलं, ‘सावित्री’ नावाचा ऑपेराही लिहिला.)

तुमच्याकडे निवड कोण करतं आणि कशावरून करतं? शाळेत शिकवणारे कुणी इथे असतील तर जरूर लिहा.

यारा_काठची (मेलबर्न)

ताई, धागा काढलात ते फार बरं झालं. मी इथे माध्यमिक शाळेत बँड घेते. तुमचं कच्च्या सेक्शनचं तत्त्व शंभर टक्के मान्य, पण त्याला एक जोड हवी. सगळंच सगळ्यांना सहज येणारं निवडलं तर मुलं चौथ्या आठवड्यात कंटाळतात. माझ्या कार्यक्रमात एक रचना त्यांच्या पातळीच्या खालची असते, ती ते सुरात आणि रुबाबात वाजवतात. दोन पातळीवरच्या. आणि एक अशी, जिला टाचा उंचावून हात पुरवावा लागतो. ती शेवटची निवडताना मी पहिल्याच तालमीत संथ लयीत वाचून बघते. अडखळत का होईना शेवटपर्यंत पोचलो तर ठेवते, मध्येच गाडी कुठे आहे हेच कुणाला कळेनासं झालं तर संच परत कपाटात.

संथ रचना मात्र हवीच. मुलांना ती ‘सोपी’ वाटते, पण बँडचा सूर कसा आहे हे तिथेच उघडं पडतं. आमच्या मेलबर्नच्याच पर्सी ग्रेंजर या संगीतकाराचं ‘ये बँक्स अँड ब्रेज’ मी हक्काने घेते. कागदावर किती थोडे सूर आहेत, आणि श्वास पुरवून ते जुळवायला किती आठवडे लागतात!

त्याच ग्रेंजरचं ‘लिंकनशायर पोझी’ ही बँडच्या साहित्यातली थोर गोष्ट, पण १९३७ मध्ये मिलवॉकीत ते पहिल्यांदा सादर झालं तेव्हा सहापैकी तीनच भाग वाजले, इतकी त्यातली माप बदलती आणि अवघड. शाळांनी केवळ प्रतिष्ठेसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

फक्त_पालक (डॅलस)

माझी मुलगी आठवीत, ट्रम्पेट वाजवते. हे सगळं वाचून आदर वाटला, पण एक विचारतो. मुलांना सिनेमाची गाणी वाजवायची असतात, आजी-आजोबांनाही ती ओळखू येतात. स्पर्धेच्या यादीतली रचना तीन महिने घोटतात आणि घरी आम्हाला तिची चाल गुणगुणताही येत नाही. सिनेमाचं घेतलं तर बिघडतं काय?

तिसरी_क्लॅरिनेट

काही बिघडत नाही हो. आमच्या उन्हाळी कार्यक्रमात गावातली मंडळी खुर्च्या टाकून हिरवळीवर बसतात, त्यांच्यासाठी एक तरी सिनेमाच्या गाण्यांची मालिका (मेडली) असतेच. फक्त तिलाही तीच पेन्सिल लावायची. अशा बऱ्याच मालिकांमध्ये ड्रमसेट सगळा भार उचलतो आणि बाकीचे त्यावर लांब सूर धरून बसतात. गाणं ओळखू आलं म्हणून टाळ्या पडतात, पण मुलांच्या हाती नवीन काय लागलं? चांगल्या अरेंजमेंटही आहेत, त्यात युफोनियमला चाल मिळते, क्लॅरिनेटला उपचाल मिळते. शोधायला वेळ लागतो, तेवढा द्यावा.

यारा_काठची

आणि डॅलसचे दादा, चाल गुणगुणता येत नाही ही तुमची तक्रार मला रास्त वाटते. नवशिक्यांसाठी दरवर्षी ढिगाने नव्या रचना निघतात आणि त्यातल्या कित्येक एका साच्यातल्या असतात: धाडकन सुरुवात, मध्ये संथ तुकडा, मग पुन्हा सुरुवातीचंच आणखी जोरात. नाव मात्र वादळ, ड्रॅगन नाहीतर किल्ला. मी स्वतः गाऊन बघते. तालमीनंतर भांडी घासताना जी चाल आपोआप तोंडात येत नाही, ती रचना मी घेत नाही.

ताशा_ते_टिम्पनी (शिकागो)

मागच्या रांगेतून बोलतो. म्युझिक निवडताना पर्कशनचं पान शेवटी बघतात, कधी कधी बघतच नाहीत. शाळेत पर्कशनला आठ मुलं असतात आणि रचनेत तीन पार्ट. उरलेली पाच मुलं नुसती माप मोजत उभी राहतात, मग दंगा करतात, मग त्यांनाच बोलणी बसतात. उलटंही होतं. संच उघडल्यावर कळतं की चार टिम्पनी, चाइम्स, व्हायब्राफोन आणि मरिम्बा लागणार, आणि आपल्याकडे दोन टिम्पनी आणि एक जुना झायलोफोन. भाड्याने आणायचं तर संचापेक्षा ट्रकचा खर्च जास्त.

म्हणून दोन गोष्टी आधी मोजा: पार्ट किती, आणि वाद्यं कोणती. एक वादक वाद्य बदलणार असेल तर मध्ये किती माप मिळतात तेही बघा. सिंबल ठेवून टिम्पनीचा सूर बदलून तयार व्हायला चार माप पुरत नाहीत.

आणखी एक सांगायचंय. माझा भाचा तबला शिकलाय. त्यांच्या बँडमध्ये सातच्या मापाची रचना आली, आठ-आठच्या सवयीची मुलं दोन आठवडे धडपडली. हा पहिल्या दिवशी ‘तीं तीं ना, धीं ना, धीं ना’ म्हणत वाजवून मोकळा, आणि मग त्याने अख्ख्या रांगेला ते म्हणायला शिकवलं. सातच्या मापात तीन-दोन-दोन अशी फोड असेल तर आपल्या मुलांना रूपक तालाची आठवण करून द्या.

बँडमास्तर_निवृत्त (पुणे)

मी सैन्यदलाच्या बँडमध्ये होतो, शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये झालं. आपल्याकडे बसून वाजवणारे हौशी बँड फारसे नाहीत, परंतु निवडीचा प्रश्न आम्हालाही रोज होता.

पहिली गोष्ट, वाजवायचं कुठे. मैदानावर, चालत, मिनिटाला १२० पावलांच्या लयीत वाजवायचं संगीत वेगळं आणि सभागृहातलं वेगळं. उघड्यावर मधल्या सुरांची नाजूक वीण वाऱ्यावर जाते. तिथे चाल ठसठशीत हवी आणि बास पक्का हवा. तुमच्या उन्हाळी कार्यक्रमालाही हे लागू आहे.

दुसरी गोष्ट ओठांची. ब्रासवाल्याचे ओठ थकतात, लाकडी वाद्यवाल्याला हे पटकन लक्षात येत नाही. एका पाठोपाठ दोन रचनांत ट्रम्पेटला वरच्या सुरांत ठेवलंत तर तिसऱ्या रचनेत सूर फुटणारच, वादक कितीही चांगला असो. एकेक रचना चांगली असून भागत नाही, त्यांचा क्रमही निवडीतच धरावा. जोरकस मार्चनंतर क्लॅरिनेट आणि फ्लूट पुढे असतील असं काही ठेवा, तेवढ्यात ब्रासला दम खाऊ द्या.

तिसरी, पानं. पार्ट उघडून पाहा की पान उलटायला विश्रांतीची जागा ठेवली आहे का. अक्षर किती बारीक आहे. साठीच्या पुढच्या वादकांना मंद दिव्यात बारीक छपाई वाचता येत नाही आणि ते संकोचाने सांगत नाहीत.

तिसरी_क्लॅरिनेट

मास्तर, नमस्कार. क्रमाचा मुद्दा आमच्या समितीत ब्रासवाल्यांनीच लावून धरलाय, आता तुमचा आधार मिळाला. छपाईचं तर अगदी खरं आहे. आमच्या बँडमध्ये निवृत्त मंडळी खूप आहेत.

मांडवीकाठचा (पणजी)

सगळ्यांक नमस्कार. गोव्यात गावच्या चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मी) आणि व्हायोलिन शिकवायची जुनी परंपरा. त्या शाळांतून शिकलेले कितीतरी गोंयकार पुढे पोलीस बँड, लष्करी बँड आणि मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. फेस्ताला (चर्चच्या सणाला) वाजवणाऱ्या बँडची जुनी पुस्तकं मी पाहिलीत, हाताने उतरवलेले पार्ट, शाई उडालेली. तेव्हा छापील संच परवडायचे नाहीत. आज फोटोकॉपी मारली तर चालते का? आमच्याकडे लहान मुलांचा बँड आहे, पैसा थोडा.

तिसरी_क्लॅरिनेट

हक्क चालू असलेल्या संचाची कॉपी मारून बँड चालवणं चुकीचं आहे, आणि संगीतकाराच्या पोटावर पाय देणारंही. अमेरिकेत शाळांसाठी मान्य झालेल्या मार्गदर्शक नियमांत एक सवलत आहे. विकत घेतलेला पार्ट हरवला आणि कार्यक्रम तोंडावर आला तर तात्पुरती कॉपी चालते, पण नंतर विकत घेतलेला पार्ट आणून ठेवायचा. तुमच्यासाठी त्याहून चांगला रस्ता म्हणजे हक्क संपलेलं संगीत. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांना प्रकाशनानंतर ९५ वर्षं संरक्षण असतं, भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. होल्स्ट १९३४ मध्ये वारला, मार्चसाठी गाजलेला अमेरिकन संगीतकार सूसा १९३२ मध्ये, म्हणजे भारतात दोघांचंही मूळ संगीत कधीच मोकळं झालंय. फक्त आज कुणी नव्याने संपादित करून छापलेल्या आवृत्तीवर तिचे वेगळे हक्क असू शकतात, ते तपासा.

सूसाच्या मार्चेसची तर चैन आहे. अमेरिकेच्या मरीन बँडने, ज्याचा सूसा १८८० ते १८९२ संचालक होता, त्याचे मार्च नीट संपादित करून स्कोअर आणि पार्टसह आपल्या साइटवर फुकट ठेवलेत. सोबत त्यांचंच रेकॉर्डिंग. आयएमएसएलपी या हक्क संपलेल्या संगीताच्या साइटवरही जुने संच सापडतात. सगळे लहान मुलांना झेपणारे नाहीत, पण एखाद्या मार्चचा फक्त ट्रिओ, म्हणजे नंतरचा भाग, संथ लयीत घेतला तरी मुलांना पुष्कळ शिकायला मिळतं.

कोथरूडची_बाई (पुणे)

मी शाळेत शिक्षिका आहे, संगीताची नाही, पण बँडची जबाबदारी माझ्याकडे आलीय. आमचा बँड परेडचा: सहा ट्रम्पेट, तीन क्लॅरिनेट, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम, बाकी साइड ड्रम आणि एक बेस ड्रम. ट्यूबा नाही, हॉर्न नाही. स्नेहसंमेलनात मुलांनी एकदा तरी बसून काही वाजवावं असं मनात आहे. छापील संचात तर पंचवीस-तीस पार्ट असतात. आमचं कसं व्हायचं?

यारा_काठची

बाई, तुमच्यासाठी फ्लेक्स बँड म्हणून प्रकार आहे. त्यात रचना साधारण चार-पाच ओळींत लिहिलेली असते आणि प्रत्येक ओळ वेगवेगळ्या वाद्यांसाठी छापलेली मिळते. वरची ओळ ट्रम्पेटने वाजवा की क्लॅरिनेटने, खालची ट्रॉम्बोनने की युफोनियमने, रचना उभी राहते. कोविडच्या काळात अर्धेच वादक हजर असायचे, तेव्हा अशा संचांना जगभर मागणी आली. वाद्यांचे वेगवेगळे रंग थोडे कमी होतात हे खरं, पण कुणाची ओळ रिकामी राहत नाही. आणि साध्या छापील संचातही छोट्या अक्षरात क्यू असतात, म्हणजे नसलेल्या वाद्याची महत्त्वाची जागा दुसऱ्याच्या पार्टमध्ये लिहिलेली. ते बघून घ्या.

ताशा_ते_टिम्पनी

बाई, संच विकत घ्यायच्या आधी एक करून बघा. भूप घ्या. मुलांना बँडच्या पहिल्या पुस्तकातच बी फ्लॅट, सी, डी, ई फ्लॅट, एफ आणि पाठोपाठ जी हे सूर येतात. सा बी फ्लॅटवर धरला तर भूपाचे सा रे ग प ध त्यात अलगद बसतात. मध्यम-निषाद लागतच नाहीत.

तिसरी_क्लॅरिनेट

वा, हे सुंदर आहे! मी आत्ताच पार्ट लिहून पाहिले. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला सी डी ई जी ए, म्हणजे क्लॅरिनेट मुळी ब्रेकच्या वर जातच नाही. आल्टो सॅक्स कधी आलाच तर जी ए बी डी ई. फक्त ट्रॉम्बोनचा रिषभ खालच्या सीवर, सहाव्या पोझिशनला येतो. मुलांचे हात लहान असतील तर ट्रॉम्बोनच्या ओळीत रिषभ टाळा, त्यांना सा आणि प धरू द्या. युफोनियमसोबत तोच तंबोरा होईल. मूळ चाल परंपरागत घ्या किंवा शाळेच्या संगीत शिक्षकांकडून चार ओळींची नवी बांधून घ्या. सिनेमातलं किंवा भावगीतातलं घ्यायचं तर अरेंजमेंटसाठी परवानगी लागते.

बँडमास्तर_निवृत्त

बी फ्लॅटचा सा ब्रासला योग्य आहे. ट्रम्पेटची लय मात्र मध्यम ठेवा, भूप द्रुत केला की मुलं सूर कापत जातात. साइड ड्रमच्या तारा सोडून ठेवा, नाहीतर सभागृहात बाकी काही ऐकू येणार नाही. बाई, खडकीच्या बाजूला येणं झालं तर कळवा. मी एका तालमीला येऊन बसेन, सहा ट्रम्पेट तीन ओळींत कसे वाटायचे ते तिथेच ठरवू.

कोथरूडची_बाई

मास्तर, जरूर या. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यानंतर मुलं थांबतात. ताई, तुम्ही लिहिलेले पार्ट मला पाठवाल का? एका ट्रॉम्बोनवाल्याचा हात पुरतो, दुसऱ्याचा नाही. दोघांसाठी दोन ओळी वेगळ्या करता आल्या तर बघा.

तिसरी_क्लॅरिनेट

करते. लांब हातवाल्याला रिषभ देते, दुसऱ्याला सा-प. आणि दुसऱ्याला शेवटची चार माप चाल देते, एफ आणि बी फ्लॅट पहिल्या पोझिशनला, डी आणि जी चौथ्या. त्याचा हात तिथे नक्की पोचेल. रविवारपर्यंत पाठवते.